रिकाम्या गाडीचं ओझं

१० मार्च, सोमवार

नवी नोकरी, नवा डबा आणि नवी वही, तिन्ही एकाच दिवशी. डबा सुदर्शननं आणला, वही मी.

वाळूजच्या कंपनीत इतकी वर्षं मी गिअरबॉक्स ऐकायचं काम केलं. काचेच्या खोलीत बसायचं, पेटी फिरवून ऐकायची. आवाज नितळ असला की पांढरा ठिपका, खरखर आली की लाल. दिवाळीनंतर त्या लायनीवर सेन्सर आले आणि आम्ही सगळ्या बायका घरी. आता या वयात कोण काम देणार, पापड-कुरडया तरी कराव्यात, असं मनात चाललेलं. तेवढ्यात गॅरेजवाल्या तात्यासाहेबांचा निरोप आला. सुदर्शन आपली पिकअप त्यांच्याकडंच नेतो. त्यांनी त्याला सांगितलं, तुझ्या बायकोचे कान रिकामे असतील तर मला पाहिजेत.

गॅरेज वाळूजच्या मोठ्या रस्त्यापासून थोडं आत, लिंबाच्या झाडाखाली आहे. इथं फक्त अवजड पिकअपांचे मागचे पाटे बघतात. मागच्या चाकांवर धनुष्यासारख्या वाकलेल्या पोलादी पट्ट्या एकावर एक रचून बांधलेल्या असतात, ते पाटे. गाडीतला सगळा भार त्यांच्यावर. ते कुरकुरायला लागले की ड्रायव्हरचं डोकं उठतं, पण आवाज नेमका कुठून येतो ते सापडत नाही. ते शोधायचं काम माझं.

तात्यासाहेब सत्तरीचे, डोळ्यांत मोतीबिंदू, मला रूपालीबाई म्हणतात. मेकॅनिक सम्यक तिशीचा. त्यानं आल्या आल्या मला ताई करून टाकलं आणि विचारलं, की ताई, मांजर ओरडल्यासारखा आवाज आणि दार ओरडल्यासारखा आवाज, फरक कळतो का? मी म्हटलं, मांजर दारात अडकलं असेल तर नाही कळत. तो हसला. जमेल आमचं.

आज दोन गाड्या ऐकल्या. ऐकायचं म्हणजे हौद्यात आडवं पडून तळाच्या पत्र्याला कान लावायचा आणि सम्यक कंपन्यांमागच्या खड्ड्यांच्या रस्त्यानं गाडी हळू चालवणार. केसांत धूळ, गालावर पत्र्याचे वळ. पुंडलिकनगरला घरी पोचले तर सुदर्शननं पिठलं टाकलं होतं. माझा अवतार बघून म्हणाला, माल कुठला, किती पोती?

चारचौघांत मी त्याला अहो म्हणते. वहीत मात्र सुदर्शन. नाव लिहायला बरं वाटतं. मूलबाळ नाही आम्हाला, त्याचं दुःखही आता निवलंय. त्याची गाडी, माझे कान, एवढाच संसार.

१२ मार्च, बुधवार

तात्यासाहेबांची रीत हळूहळू कळते आहे. गाडी आधी रिकामी चालवायची, मग भरून. मग पाण्याची परीक्षा. पाट्यांवर पाणी मारलं आणि आवाज थांबला, तर समजायचं की कोरडे पाटे एकमेकांवर घासतात. पाणी मारूनही आवाज राहिला, तर दोष टोकाच्या रबरी बुशात किंवा एखाद्या सैल बोल्टात. यानंही कळलं नाही तर लांब पेचकसाचं टोक पाट्याला टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. दोघांनी हौदा दाबून सोडायचा. लोखंडातून आवाज थेट मेंदूत येतो.

आज एक दुधाची पिकअप आली होती. तीन गॅरेजं फिरून, नवे पाटे टाकूनही तिची कटकट तशीच. पेचकस लावला आणि दुसऱ्याच दणक्याला मला कळलं, की पाटे बिचारे निर्दोष आहेत, त्यांना धरून ठेवणारा उजवा यू-बोल्ट ढिला आहे. सम्यकनं आवळला, आवाज गेला. दूधवाला माझ्याकडं बघतच राहिला. सम्यक म्हणाला, "ताई, तुमच्या कानाला आता जीएसटी लावावा लागंल."

किती दिवसांनी असं कुणाच्या उपयोगी पडल्यासारखं वाटलं. येताना सुदर्शनसाठी जिलेबी आणली.

१५ मार्च, शनिवार

गॅरेजमध्ये मी एकटीच. तात्यासाहेबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, ते घरी पट्टी बांधून पडलेत. सम्यक मामेभावाच्या लग्नाला गेलाय, तो पुढच्या शनिवारी येणार. मी नुसत्या तक्रारी लिहून घ्यायच्या, कामं त्यानंतर.

दुपारी सुदर्शन आला. गाडीचा डावीकडचा एक पाटा मधोमध तडकलेला. लासूर स्टेशनला कांदा भरून पडलाय, व्यापारी फोनवर फोन करतोय, आणि नवा पाटा दुकानात सोमवारशिवाय नाही. इतका हिरमुसला होता की मला बघवेना.

मागच्या पत्र्याआड पाटे रचून ठेवलेले मला दिसले होते. मोठ्या ढिगापासून वेगळे, तारेनं बांधलेले, आणि प्रत्येकावर पांढऱ्या चुन्याचा पट्टा. तपासून पास करून बाजूला ठेवलेला माल, उघड होतं. तरी खात्री म्हणून मापाचा एक काढून हातोडीनं वाजवला. काय आवाज होता! स्वच्छ, लांबत जाणारा. कुठं खरखर नाही. माझ्या कंपनीत मीही पांढराच ठिपका दिला असता.

शेजारच्या गॅरेजातल्या फिटरला बोलावून तो बसवून घेतला. सुदर्शन जाताना काचेतून हात हलवून गेला. मी फाटकापाशी उभी राहून ऐकत राहिले. गाडी अगदी गप्प गेली.

१८ मार्च, मंगळवार

सुदर्शनची गाडी कुरकुरते आहे.

मी स्वतः ऐकलं. आवाज उलटा आहे. सगळ्या गाड्या भरल्या की कण्हतात, ही भरलेली असताना गप्प आणि रिकामी झाली की बोलते. कर्र, मग थोडं थांबून पुन्हा कर्र. जणू वर कुणी बूड बदलून बसतंय. आणि मागची बाजू डावीकडं दबलेली. रिकामी गाडी अशी दबत नाही. हौदा झाडून बघितला, कांद्याची टरफलं सोडून काही नाही.

सुदर्शन म्हणतो, चढाला गाडी ओढत नाही, डिझेल जास्त खाते. वर चेष्टा, की तुझं सगळं माहेर मागं बसलंय, खोटं वाटत असेल तर मोजून घे.

मी हसले. पण दुपारपासून तेच डोक्यात आहे. चूक माझ्याकडून झाली असेल तर? पाटा मापात थोडा कमी-जास्त असेल. उद्या नीट रीतीनं तपासते.

१९ मार्च, बुधवार

पाण्याची परीक्षा केली. भर दुपारी, उन्हात.

डाव्या पाट्यांवर बादलीभर पाणी ओतलं. आवाज थांबला. म्हणजे कोरडे पाटे, सोपं निदान. मी खाली वाकून बघितलं. पाटे कोरडे होते. खालची माती कोरडी होती. दुसरी बादली हळूहळू ओतली आणि लक्ष ठेवून राहिले. पाणी पाट्यांच्या फटीत जात होतं आणि खाली एक थेंब पडत नव्हता. उजव्या बाजूला तेवढंच ओतलं तर माझ्या पायाशी चिखल झाला.

तिसरी बादली संपली तेव्हा गाडी किंचित हलली. तहान भागल्यावर माणूस सैलावतो, तशी.

हे लिहून ठेवते, पण सुदर्शनला सांगितलेलं नाही.

२० मार्च, गुरुवार

पेचकस लावायला नको होता.

टोक त्या पाट्याला, मूठ कानाला. हौदा दाबायला कुणी नव्हतं. मी नुसती ऐकत बसले. आधी पोलादाचा रिकामा गुंजारव, तो ओळखीचा. मग बांगड्या. काचेच्या, पुष्कळ. मग एका बाईचा आवाज, थकलेला, अगदी साधा, रोजच्यासारखा:

"सरक गं जरा."

आणि पाटा वाजला. कर्र.

२२ मार्च, शनिवार

सम्यक आला. मी त्याला नुसतं गाडीखाली बघायला सांगितलं. तो आत गेला तसा बाहेर आला, हात पुसायचंही विसरला. ताई, हा चुन्याचा पाटा कुणी बसवला? मी म्हटलं, मी.

तो मला तात्यासाहेबांच्या घरी घेऊन गेला. ते पट्टी बांधून कॉटवर बसलेले. रागावले नाहीत, त्यानंच मला जास्त भीती वाटली. म्हणाले, चूक माझी, बाईला सांगून ठेवायला हवं होतं.

ज्या गाडीत माणसं अपघातात गेली, तिच्या पाट्यांना इथं चुना लावून वेगळं ठेवतात. गाडीच्या मालकानं यायचं, हौद्याचा मागचा फाळका उघडायचा आणि आत बघून म्हणायचं, उतरा, गाव आलं. म्हणजे ती माणसं उतरतात. त्यानंतरच पाटे लोहाराच्या भट्टीत जातात. ही गाडी कापूस वेचणाऱ्या बायकांची होती. वैजापूरच्या अलीकडच्या एका वस्तीवरच्या. परत येताना उलटली. मालक भंगारात विकून निघून गेला, फाळक्यापाशी आलाच नाही. बायका अजून बसल्यात, गाव यायची वाट बघत.

मी विचारलं, पाट्यातच का? तात्यासाहेब म्हणाले, "इंजिनाला माणूस ठावं नसतं, बाई. ओझं पाट्यानंच सोसलेलं असतं."

ते म्हणत होते, दोन दिवस थांबा, त्या मालकाचा पत्ता काढू. मी ऐकलं नाही. दोन दिवस सुदर्शननं ती गाडी चालवायची? मी रडले, हट्ट केला. सम्यकनं पाटा काढला. लोहाराच्या भट्टीत तो लाल होऊन पिवळा होईपर्यंत मी समोर उभी होते. नवा पाटा बसला. गाडी सरळ उभी राहिली, आवाज बंद.

सुटलो. देवा, सुटलो.

२४ मार्च, सोमवार

गाडी हलकी झाली. सुदर्शन जड झालाय.

कांदा उतरवून दुपारी आला आणि पलंगावर पडला, तर पलंग कण्हला. त्याच्या बाजूची फळी वाकली. जेवायला बसला ती प्लास्टिकची खुर्ची पाय फाकून मोडली. तो हसला, मी नाही. जिना चढताना प्रत्येक पायरीला थांबतो आणि डावा खांदा खाली.

दवाखान्यात वजन केलं. पूर्वीइतकंच. पाठीचा फोटो काढला, त्यातही काही नाही. डॉक्टर म्हणाले, थकवा आहे, आराम करा.

तो झोपल्यावर मी त्याच्या पाठीला कान लावला. पंधरा दिवसांपूर्वी हा कान मला देणगी वाटत होता.

बांगड्या.

पाटा जाळला आणि त्यांना बसायला जागा उरली नाही. मग त्या ड्रायव्हरकडं आल्या. मी हट्ट केला म्हणून. मी.

२६ मार्च, बुधवार

चालत नाही आता. भिंत धरून सरकतो. पाणी मागतो, तांब्यामागून तांब्या. ओठ कोरडेच.

मी पाठ चेपत होते. डोळे मिटलेले असताना एकदम स्पष्ट म्हणाला, "थांब गं. सगळ्यांना उतरू दे आधी."

कुणाला, विचारलं. त्याला आठवेना. माझ्याकडं असा बघत राहिला, की मीच काहीतरी वेड्यासारखं विचारलंय.

तात्यासाहेबांना फोन केला. मालक सापडत नाही. म्हणाले, मालक नसला तर गावच त्यांच्यापुढं न्यावं लागेल. नाहीतर? मी विचारलं. म्हणाले, पाटा तुटेपर्यंत सोसतो, बाई.

२८ मार्च, शुक्रवार

त्या बायकांच्या वस्तीवर गेलो. सम्यकनं गाडी चालवली. सुदर्शनला हौद्यात गादी टाकून निजवलं, मी शेजारी. नवे पाटे, तरी जमिनीला टेकायला आलेले—

वस्ती टेकडीमागं. दहा-बारा घरं. सम्यकनं फाळका सोडला. मी पुढं झाले. म्हटलं, उतरा, गाव आलं.

काही नाही. पुन्हा म्हटलं, मोठ्यानं.

मग पाटे वाजले. कर्र. थांबून, कर्र. एकेक करून. गाडीची मागची बाजू वर वर येत गेली. सुदर्शननं मोठा श्वास घेतला. समोरच्या घरातून एक म्हातारी बाई आली, न विचारता पाण्याचा तांब्या भरून उंबऱ्यावर ठेवला आणि बाजूला सरली, कुणाला तरी आत येऊ देत. मग पदर तोंडाला लावून तिथंच खाली बसली. कडूबाई. तिची लेक होती त्या गाडीत.

मी तिचे पाय धरले. ती म्हणाली, "आमच्या सगळ्या आल्या. एक नाय यायची. रस्त्यावरनं चढली व्हती, बाहेरगावची. नाव बी नाय इचारलं कुणी."

मी वळून बघितलं. सुदर्शन उठून बसला होता. पण डावा खांदा तसाच खाली.

कडूबाई म्हणाली, "तिचं गाव कुणाला ठाव नाय. तिला गाडीवालाच लागंल, गावोगाव हिंडायला."

२९ मार्च, शनिवार

गाडीची किल्ली मागतो. दुसरं काही नाही. अन्न नाही, पाणी नाही. पुढचं गाव कुठलं, म्हणतो. डोळे त्याचे, बघणं त्याचं नाही—

किल्ली लपवली तर कण्हला. पाठ धनुष्यासारखी वाकली. मी आवाज ऐकला. पाटा तडकायच्या आधी बारीक टिक् वाजतं. मला तो आवाज माहीत आहे. माझ्याइतका कुणालाच माहीत नाही.

आज रात्र निघणार नाही याची.

कुठलं गाव सांगू तिला? सगळी नावं घेऊन झाली. गंगापूर, वैजापूर, कन्नड, पैठण, सिल्लोड. हलत नाही. कुठं जायचंय गं तुला, बाई. कोण आहे तुझं—

कुणी नसेल. मग गाव कशाला लागतं. घर लागतं.

संध्याकाळी त्याच्या पाठीवर डोकं ठेवलं, दोन्ही हात टाकले. म्हटलं, "उतर बाई. माझं घर आलं. माझ्याकडं ये."

मग माझ्या डाव्या खांद्यावर, कुणी दमून हात ठेवावा तसं.

३० मार्च, पाडवा

सुदर्शन उठला. आपल्या पायानं. गुढी त्यानंच उभारली. गुणगुणतोय. चहा टाकलाय, वास येतोय. किती दिवसांनी—

मी आतल्या खोलीत. दाराची खालची कडी लावून घेतली. दारापाशीच फरशीवर बसले, उठता येत नाही. ओझ्याची तक्रार नाही. सोसेन.

त्याला आत घ्यायचं नाही. हात लागला तर परत जाईल ती. तिला घर नकोय. मला वाटलं होतं, घर— तिला गाडीवालाच हवाय. तो बोलला की ती हलते. आताही—

दार वाजवतोय. "रूपाली, चहा निवतोय गं. दार उघड की." आवाज किती मोकळा झालाय त्याचा. ऐकत राहावंसं वाटतं.

नाही म्हणून ओरडायचंय. जीभ जड.

उजव्या हातानं लिहितेय. डावा उचलला गेला. मी नाही उचलला. मी धरतेय त्याला, गुडघ्याखाली— निसटला—

अहो, जा तिथून. गाडी काढू नका. जा—

कडीला बोटं लागलीत, वर सरकते आहे, सुदर्शन, दार ढकलू नको, मी—